अर्धी पवनी

बिनकामाचंही कुठं जाता येतं, हे माझ्या सासूबाईंना माहीतच नव्हतं. लग्नाला गेल्या तर भाताचे हंडे उतरवायला, मंडईला गेल्या तर सूप-टोपली घ्यायला, माहेरी गेल्या तर भावाचं धान उडवायला. गोदावरीबाई त्यांचं नाव. मी आत्याबाई म्हणायची. आमचं गाव साकोलीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. त्या पाळीवर सकाळी ऊन कसं पडतं हेसुद्धा आत्याबाईंनी कधी थांबून पाहिलं नसेल, कारण त्या वेळी त्यांच्या डोक्यावर घागर असायची.

त्याच आत्याबाई एकोणऐंशी सालच्या पौषात, मामाजींना भात वाढता वाढता म्हणाल्या, "मले पवनी पाहाची हाय."

मामाजी म्हणजे माझे सासरे, टिकाराम. त्यांचा घास हातातच राहिला. "पवनी? तिथं कोनतं काम निंगालं आता?"

"काम नाही. पाहाची हाय."

मी चुलीपाशी होते. मलाही हसू आलं, पण आत्याबाईंचा चेहरा पाहून ते गिळलं. त्या थट्टा करत नव्हत्या. आमच्या घरात थट्टा करायचा मक्ता मामाजींकडे होता.

झालं असं होतं की, पंधरवड्यापूर्वी मामाजी खळ्यावर उघड्या डोक्यानं बसले असताना एक कावळा आला आणि थेट त्यांच्या टाळूवर बसला. नुसता बसला नाही, उडताना नखं रोवून गेला. जखम चिघळली, म्हणून न्हाव्यानं सगळं डोकं भादरलं आणि आत्याबाईंनी वर हळद थापली. जखम आठ दिवसांत बरी झाली. पण आमच्याकडे डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाला वरचं बोलावणं आलं असं धरतात. त्याला उतारा एकच. तो माणूस गेला असा खोटा सांगावा रक्ताच्या नातेवाइकांना धाडायचा. ते खरं समजून रडले, त्यांची खरी आसवं गळली, की मरण टळतं. मग दुसरा सांगावा जातो, की बाबा, माणूस धडधाकट आहे, आणि सगळे शिव्या देत देत हसतात.

आत्याबाईंनी सांगावा धाडायचा हट्ट धरला. मामाजींनी साफ नकार दिला. "माह्या मरनाचं खोटं सांगून कोनाची भाकर कडू कराची? कावळा थकला होता, टेकला जरासा. त्याले माह्या डोक्यात भुसा दिसला असन." यावर ते स्वतःच हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण कमी झालं, आणि मामाजींना खळ्यावरून यायला उशीर झाला तर त्या दारात उभ्या राहू लागल्या.

पवनीचा विषय निघाला त्या दुपारी मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, पवनीच काहून?"

त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन खेपा गेलो मी पवनीले. सासऱ्याची राख घेऊन, सासूची राख घेऊन, आन् माह्या केवळरामची." केवळराम म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच ते तापानं गेले. "आता चौथी पाळी यांची आली, तं त्याच्या आधी एक खेप यांच्यासंगच मोकळ्या हातानं जाऊन येतो. आन् बाई, पवनी मी अर्धीच पाहिली हाय."

अर्धी म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. आमच्यात राख नदीत सोडली की मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं तर गेलेल्याचा जीव अडकतो, मागोमाग घरी येतो. पायऱ्या चढायच्या, गल्लीतून चालायचं, किल्ल्याचा दरवाजा ओलांडायचा, आणि वेस सुटेपर्यंत मान वळवायची नाही. त्यामुळे जाताना डोळ्यांत पाणी आणि पदर, येताना मान ताठ. तीन वेळा पवनीला जाऊन आलेल्या बाईनं पवनीची पाठमोरी बाजू कधी पाहिलीच नव्हती.

मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

मामाजींनी होकार दिला तो मात्र वेगळ्याच कारणानं. त्यांना दमनी बाहेर काढायला निमित्त मिळालं. दमनी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. लोक ती सोयऱ्याकडे जायला वापरतात, मामाजींनी तिचं घर केलं होतं. वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, त्याला आतून जुन्या लुगड्यांचं अस्तर. खाली तणसाची, म्हणजे धानाच्या काडाची, जाड गादी, तिच्यावर वाकळ. आढ्याला कंदील, कंदिलाशेजारी हातभर आरसा, आरशाखाली पानाच्या डब्याची फळी. मागं तेलाच्या डब्याची चूल टांगलेली आणि खाली आसाला पाण्याची घागर. मागच्या बाजूला पडदासुद्धा होता. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो की मंडईची जत्रा, मामाजी दोन-दोन दिवस या दमनीत राहून यायचे आणि घरी आल्यावर घर किती कोंदट आहे असं बोलून दाखवायचे. आमचे हे तिला 'बाबांची दुसरी बायको' म्हणत. ते स्वतः खळ्यावर थांबले, आणि सोबतीला मी निघाले.

चांद्या आणि बांड्या हे आमचे बैल. घाई हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. पहिला मुक्काम वाटेत एका तलावाच्या पाळीवर केला, दुसरा आसगावला. आसगावहून तांबडं फुटायच्या सुमाराला निघालो तेव्हा धुकं इतकं होतं, की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती आणि बैल कुणीतरी ओढून नेल्यासारखे वाटत होते. कापलेल्या बांधीत धानाची खुंटं ओली होती. कुठूनतरी जाळलेल्या तणसाचा वास येत होता. मामाजी धुरेवर बसून काहीतरी गुणगुणत होते. आत्याबाई माझ्याशेजारी वाकळीत पाय घेऊन बसल्या होत्या, आणि दमनीच्या डुलण्यानं त्यांचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. सासूचं डोकं सुनेच्या खांद्यावर हे आमच्या गावात कुणी पाहिलं असतं तर वर्षभर चर्चा झाली असती. मी हललेसुद्धा नाही.

धुकं विरलं तेव्हा आम्ही पवनीत होतो.

नदीकाठी, घाटाच्या वरच्या अंगाला एका पिंपळाखाली मामाजींनी दमनी सोडली. वैनगंगा पौषात शहाणी असते. मधे निळं पाणी, दोन्ही बाजूंना वाळू, आणि वाळूत ढिवर कोळ्यांच्या बायका डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायला खड्डे करत होत्या. फळं यायला अजून होळी उजाडायची होती. एक डोंगा पाण्यावर नुसताच उभा होता, त्यात माणूस झोपला होता की जागा होता ते कळत नव्हतं. आत्याबाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

"इतकी मोठी हाय नदी?" त्या म्हणाल्या. "मले तं एक पायरी एवढीच आठवते."

पण पवनी आम्हाला सुखानं पाहू देईल तर शपथ. छपराची गाडी, उतरलेली माणसं, आणि त्यातल्या म्हाताऱ्याचं डोकं भादरलेलं. घाटावर असं कुणी दिसलं की एकच अर्थ होतो. पहिल्यांदा एक गुरुजी आले, हातात दर्भ. "कोणाचं करायचं आहे?" नाही म्हटल्यावर त्यांना पटलं नाही, थोडे दूर जाऊन बसून राहिले. मग फुलं विकणारी आली, तिनं फुलं न विचारताच पानात बांधली. मग एक बाई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मला राग यायला लागला होता. कुणी मेलं नाही हे माणसानं किती वेळा सांगायचं? आत्याबाईंचा चेहरा उतरत चालला होता. मोकळ्या हातानं आल्या होत्या त्या, आणि जो तो त्यांच्या हातात गाडगं शोधत होता.

शेवटी घाटावरचा न्हावी आला, धोकटी काखेत मारून. मामाजींच्या डोक्याकडे पाहून तो म्हणाला, "तुमचं तं झालं जी. आनखी कोनाचं कराचं हाय? राख कोनाची?"

मामाजींच्या मिशीत हसू आलेलं मला दिसलं, आणि मी मनात म्हटलं, झालं. ते गंभीर तोंडानं म्हणाले, "टिकारामची."

"कोन टिकाराम? साकोलीकडचे? शकुनबाईचे भाऊ?"

"तेच. लई भला मानूस होता."

न्हाव्यानं हात जोडले, हळहळला आणि निघून गेला. मामाजी खांदे हलवून हसत बैलांना पेंढी टाकायला गेले. आत्याबाईंनी ते ऐकलं नव्हतं, त्या तेव्हा पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मीही विसरून गेले. शकुनबाई ही मामाजींची चुलत बहीण पवनीत दिलेली आहे हे मला माहीत होतं, पण कैक वर्षांत जाणंयेणं नव्हतं. कामाशिवाय पवनीला कोण येतं, आणि राखेचं काम घेऊन कुणी बहिणीच्या घरी जात नाही.

मग आम्ही गाव पाहायला निघालो. तिघं, रिकाम्या हातानं, एका मागोमाग एक. असं चालायची सवय नसल्यानं पहिल्यांदा आमचे पाय भराभर पडत होते. मामाजी म्हणाले, "अवो, बस नाही चुकून राहिली आपली." तेव्हा कुठं चाल सैल झाली.

कोष्ट्यांच्या गल्लीत घराघरांतून मागाचा आवाज येत होता. खट, आणि मग सर्रकन धोटा, आणि परत खट. आत्याबाई एका दारात थांबल्या. आतल्या बाईनं लुगडी काढायला घेतली. "कोनतं दाखवू, बाई?"

"काई नाही," आत्याबाई म्हणाल्या, "पाहून राहिलो."

त्या बाईला हे नवीन होतं, पण तिनं हसून पाट पुढं केला. मागावर जांभळा काठपदर चढत होता. बोटभर कापड विणून होईपर्यंत आत्याबाई तिथं बसल्या. त्यांनी कापडाला हात लावला नाही, भाव विचारला नाही. उठताना म्हणाल्या, "छान पाऊस पडल्यावानी आवाज हाय." दिवसभर मग तो आवाज आमच्या कानात राहिला.

पुढं सगळ्या बाजूंनी तोंडं असलेला एक गणपती आहे. आत्याबाईंनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी घातली, आणि प्रत्येक तोंडासमोर थोडं थांबल्या. "याचं बरं हाय," त्या म्हणाल्या. "याले मान वळवाचं काम नाही, आन् याले कोनी मागं पाहू नको बी म्हनत नाही." मामाजी हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

किल्ल्याच्या तटावर गवत वाळून सोनेरी झालं होतं. तिथं मामाजींनी कंबरेची पिशवी सोडली आणि तिघांनी मुरमुरे खाल्ले. खाली घरांची कौलं, त्यांच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, पलीकडे नदी. ऊन अंगावर इतकं मऊ होतं की बोलावंसं वाटेना. आत्याबाई बसल्या बसल्या पेंगल्या. जाग आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मामाजींकडे पाहिलं, ते आहेत याची खात्री केली, आणि मग पदर सारखा केला. दोन आठवड्यांत त्यांचं हे असंच चाललं होतं. भीती विसरायला त्या आल्या होत्या, आणि तीही दमनीत बसून आली होती.

दुपारी आम्ही घाटावर परतलो. मामाजी दमनीत शिरले, पडदा सोडला आणि घोरायला लागले. आत्याबाईंना नदीत आंघोळ करायची होती. राखेसाठी नाही, उन्हासाठी, असं त्या म्हणाल्या. डुबकी मारून, लुगडं बदलून त्या पायरीवर केस मोकळे सोडून बसल्या. कपाळावरचं कुंकू धुऊन गेलं होतं, आणि चांदीच्या बांगड्या घासून काढायच्या म्हणून त्यांनी त्या माझ्याकडे दिल्या होत्या. मी त्या वाळूनं घासत होते.

आणि तेवढ्यात वरून हंबरडा ऐकू आला.

एक उंच म्हातारी बाई, पायांत काही नाही, पदर जमिनीवर, पायऱ्या उतरत धावत येत होती. तिनं आत्याबाईंना पाहिलं. मोकळे केस, कोरं कपाळ, मोकळे हात. ती त्यांच्या गळ्यात पडली आणि हेल काढून रडायला लागली. "माह्या टिका रे! वयनीले असं टाकून कसा गेला रे! मले खांद्यावर बसवून शिंगाडे तोडाले नेत होता रे माह्या भाऊ! भाऊबीजेले येतो म्हनला, आलाच नाही रे! आता मी कोनाची वाट पाहू रे!"

ती शकुनबाई होती. न्हाव्यानं काम चोख केलं होतं.

मला एका क्षणात सगळं समजलं. मी उठलेच. "अवो शकुनबाई, मामाजी तर…"

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी माझ्या हातात वाकली. शकुनबाईच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. हलकेच मान हलवून त्या पुटपुटल्या, "रडू दे. पुरं रडू दे."

मग मी बसले. हीच ती आसवं होती. रक्ताच्या माणसाची, खरी, कुणीही न मागितलेली. मामाजींनी सांगावा धाडायला नाही म्हटलं होतं, आणि आपल्याच जिभेनं तो धाडून मोकळे झाले होते. शकुनबाईची आसवं आत्याबाईंच्या ओल्या केसांवर, पायरीच्या दगडावर टपटप पडत होती. आत्याबाई तिच्या पाठीवर थोपटत होत्या. आणि थोपटता थोपटता काय झालं कोण जाणे, त्याही रडायला लागल्या. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. त्या मामाजींसाठी रडत होत्या की केवळरामसाठी, मी कधी विचारलं नाही. या पायऱ्यांवर तीन वेळा त्यांनी मान ताठ ठेवली होती, एवढं मला माहीत होतं.

पडदा सरकला. मामाजींचं भादरलेलं डोकं बाहेर आलं. "काहून वो, कोन मेलं?"

शकुनबाईनं त्या डोक्याकडे पाहिलं आणि अशी किंचाळली, की डोंग्यातला माणूस ताडकन उठून बसला. म्हणजे तो झोपलेला होता. मग ती दमनीकडे धावली आणि दोन्ही मुठींनी भावाला बडवायला लागली. "मेल्या! मुडद्या! म्हनून माह्या घरी नाही आला का रे? मरून दाखवाले आला का?" मामाजी मार खात हसत होते. हसता हसता त्यांनी तिचे हात धरले आणि मग सोडलेच नाहीत. ते म्हणाले, "शिंगाड्याचं तुले अजून आठवते का गा बाई?"

उरलेली सगळी दुपार शकुनबाईच्या घरी गेली. तिनं लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, जवसाची चटणी वाटली, आणि प्रत्येक वडा वाढताना भावाला एक शिवी वाढली. न्हावीसुद्धा येऊन गेला, लाजून ओट्यावर बसला आणि त्यालाही वडे मिळाले. आत्याबाईंनी पोटभर जेवण केलं, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. कपाळाला शकुनबाईनं कुंकू लावलं, रुपयाएवढं.

निघताना ऊन उतरलं होतं. शकुनबाई वेशीपर्यंत आली. मामाजी धुरेवर बसले, मी आत. आत्याबाई मात्र मागच्या बाजूला, पडदा वर बांधून, पाय बाहेर सोडून, गावाकडे तोंड करून बसल्या. दमनी किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडली तेव्हा त्यांनी दरवाजाची बाहेरची बाजू पाहिली, कमान पाहिली, कमानीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं पाहिलं. मग तट, मग देवळांचे कळस, मग नुसती नदीची रेघ. त्या पाहतच राहिल्या. कधीतरी हळूच म्हणाल्या, "येतो गा, केवळराम." राख सोडली की येतो म्हणायचं नसतं, म्हणून ते राहूनच गेलं होतं त्यांचं. दमनी डुलत होती, आणि मागचा रस्ता हळूहळू धुळीत मिटत होता.

मामाजींना कावळ्यानं काही केलं नाही. चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात गेल्या त्या आत्याबाई, झोपेत, कुंकवासकट. लोक म्हणाले, भाग्याची बाई.

राख न्यायला आमचे हे एसटीनं जाऊ म्हणाले. मामाजींनी ऐकलं नाही, दमनीच जुंपली, आणि मीही त्यांच्यासोबत निघाले. तोच घाट, तोच न्हावी. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. वाळूत डांगरं धरली होती. मामाजी कमरेएवढ्या पाण्यात गेले, गाडगं सोडलं, आणि पायऱ्या चढायला लागले. अर्ध्या घाटावर ते थांबले, सावकाश वळले आणि नदीकडे पाहत उभे राहिले.

गुरुजी घाईनं म्हणाले, "टिकारामजी, मागं पाहू नका. जीव मागं येतो."

मामाजींनी मान वळवली नाही. "आली तं येऊ द्या, महाराज," ते म्हणाले. "दमनीत तिची जागा हाय."